एका कॉफीवर किती वेळ बसावे?

हॉटेलात जास्त वेळ बसणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे कुणाचे मत चांगले नाही. इराण्यांनी तर तशा पाट्याच भिंतीवर टांगल्या होत्या. पाचजणांत दोन कॉफ्या मागवून तीन तास काढणाऱ्या टोळक्याचा मी जुना सभासद. तेव्हा आमच्या बाजूने इतिहासात काही पुरावा मिळतो का, हे मी बरीच वर्षे शोधत होतो. तो मिळाला लंडनमध्ये. म्हणजे लंडनच्या इतिहासात. प्रत्यक्ष लंडनला जाण्याइतके पैसे या कॉफीने शिल्लक कुठे ठेवलेत?

लंडनात पहिले कॉफीचे दुकान निघाले १६५२ साली. एक पेनी टाकावी आणि कॉफी पीत वाटेल तितका वेळ गप्पा छाटाव्यात, अशी सोय. माणसे गप्पा मारू लागली की राज्यकर्त्यांच्या पोटात दुखू लागते. दुसऱ्या चार्ल्स राजाने डिसेंबर १६७५ मध्ये फर्मान काढले : कॉफीगृहे बंद! पण लोकांनी असा काही गिल्ला केला, की अंमल सुरू होण्याआधीच राजेसाहेबांनी फर्मान मागे घेतले. सिंहासनापेक्षा बाकडे बळकट ठरले म्हणायचे.

अशात एडवर्ड लॉइड नावाच्या गृहस्थाने टॉवर स्ट्रीटवर कॉफीगृह काढले. त्याचा पहिला उल्लेख आढळतो तो १६८८ च्या एका जाहिरातीत. कुणाची तरी घड्याळे चोरीला गेली होती. चोराची खबर लॉइडच्या कॉफीगृहात आणून देणाऱ्याला एक गिनी बक्षीस! पुढे १६९१ साली लॉइडने बिऱ्हाड लोंबार्ड स्ट्रीटवर हलवले.

थेम्स नदी जवळ, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणजे खलाशी, कप्तान आणि जहाजांचे मालक. लॉइड मोठा धोरणी. त्याने ओळखले, की या लोकांना कॉफीपेक्षा बातमीची तल्लफ जास्त. कुठले जहाज पोचले, कुठले बुडाले, हे तो गोळा करी. १६९६ मध्ये त्याने चक्क वर्तमानपत्र काढले. वरिष्ठ सभागृहाविषयी काही छापले म्हणून ते वर्षाच्या आत मिटले, ही गोष्ट वेगळी. पण १७३४ च्या सुमारास 'लॉइड्स लिस्ट' निघाली आणि ती कागदावर थेट २०१३ पर्यंत छापली जात होती.

आता खरी गंमत. जहाज निघायचे असले की दलाल एक कागद घेऊन टेबलाटेबलावरून फिरे. ज्याला जोखीम घ्यायची त्याने आपला वाटा लिहायचा आणि खाली सही ठोकायची. एकाच्या सहीखाली दुसऱ्याची, दुसऱ्याच्या खाली तिसऱ्याची. खाली लिहिणारा तो 'अंडररायटर'. रविवारी सकाळी चप्पल न काढता घरात शिरणारा आपला विम्याचा एजंट याच वंशातला!

पण रिकामटेकडे डोके ते. जहाजांवरून गाडी माणसांवर आली. अमका सरदार आजारी आहे, तो जगतो की मरतो, यावर विमे उतरू लागले. बिचाऱ्या आजाऱ्याने आपला भाव वाचून काय करायचे? शेवटी १७६९ साली सभ्य मंडळींनी लॉइडच्याच एका वेटरला पुढे करून 'नवे लॉइड' थाटले आणि १७७४ मध्ये ते रॉयल एक्स्चेंजमध्ये गेले. त्याच वर्षी कायदा झाला : ज्याच्या मरण्याने आपले काही नुकसान होत नाही, त्याच्या जिवाचा विमा उतरता येणार नाही.

इथवर वाचून मी खूश होतो. तीन तास बसणाऱ्यांनी केवढा धंदा उभारला, हे घरी ऐकवायचे ठरवले होते. पण पुढचे पान हसत उलटता येईना. याच टेबलांवर गुलामांच्या जहाजांचेही विमे उतरत. साखळदंडातली माणसे कागदावर 'माल' म्हणून येत. घड्याळांसारखीच पळालेल्या गुलामांचीही जाहिरात निघे, आणि त्यांनाही आणून द्यायचे ठिकाण लॉइडचे कॉफीगृह. १८०७ साली हा व्यापार कायद्याने बंद होईपर्यंत ब्रिटिश जहाजांनी तीस लाखांहून अधिक आफ्रिकन माणसे वाहून नेली. लॉइड्सने या पापाबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२० साली.

तिथे अजून एक घंटा आहे. 'लुटीन' नावाचे जहाज १७९९ साली सोन्यासकट बुडाले, त्यावरची. वाईट बातमीला एक टोला, चांगलीला दोन, अशी पूर्वी रीत होती. गमावलेल्या जहाजांची नोंद तिथे आजही जाड वहीत पिसाच्या लेखणीने होते, आणि १९८६ पासूनच्या पोलादी इमारतीतल्या गणवेशधारी नोकरांना अजूनही 'वेटर'च म्हणतात. जहाज बुडाले की वहीत नाव चढते. जहाजाच्या पोटातल्या माणसांना नाव कुणी विचारलेच नव्हते.

तेव्हा एका कॉफीवर किती वेळ बसावे? माझे म्हणणे, खुशाल बसावे. फक्त समोर नसलेल्या माणसाची किंमत ठरवायला टोळके निघाले, की वेटरला बिल आणायला सांगावे.