बीडच्या मनगटावरचा काळ : घड्याळांचा संग्रह करताना नेमके काय विकत घ्यावे?

जुनी घड्याळे जमवावीशी वाटतात, पण सुरुवात कोणत्या घड्याळापासून करावी, हा प्रश्न इतिहासाची आवड असलेल्या अनेक तरुण मित्रांना पडतो. उत्तरादाखल त्यांना सहसा किमतींच्या याद्या मिळतात. या धाग्यात तेच उत्तर इतिहासाकडे मागायचे आहे, आणि तेही एका जिल्ह्यापुरते : बीड. (बीडमध्ये 'घड्याळ' म्हटले की आधी मतपत्रिका आठवते, हे मान्य. ते घड्याळ आपल्या कक्षेबाहेरचे.)

संग्राहकांचे दोन आदर्श आपल्या आसपासच आहेत. पहिला हैदराबादचा. मीर युसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग (१८८९–१९४९), हे काही काळ निजामाचे दिवाण होते. पद सुटल्यावर उरलेले आयुष्य आणि संपत्तीचा मोठा भाग त्यांनी वस्तू जमवण्यात घालवला. त्यांच्या नावाच्या संग्रहालयात कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही या पेढीचे एक वाद्यघड्याळ आहे. तास भरला की त्यातून एक चिमुकली आकृती बाहेर येते आणि ठोके देते. ते पाहायला आजही प्रेक्षक आधीपासून जागा धरून बसतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा याच हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे हा वारसा आपल्याला परका नाही.

दुसरा आदर्श पुण्याचा. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जमवायला सुरुवात केली ती दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, वज्री अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंची. ज्या वस्तू लोक मोडीत घालत होते, त्यांत त्यांना समाज दिसत होता. पुढे हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

सालारजंगांच्या वाटेने जायला दिवाणाची दौलत लागते. केळकरांच्या वाटेला लागतो तो एक प्रश्न, आणि बराच धीर. म्हणून पहिली सूचना अशी : घड्याळ घेण्याआधी प्रश्न निवडा. 'सुंदर घड्याळे' हा काही प्रश्न नव्हे. 'बीड जिल्ह्यात घड्याळ कुणाच्या मनगटावर, कधी आणि कोणत्या वाटेने आले?' हा प्रश्न आहे. तो एकदा ठरला की दुकानातली दहांतली आठ घड्याळे आपोआप गळून पडतात आणि खिशावरचा ताणही कमी होतो.

आता वाटेकडे वळू. स्वित्झर्लंडच्या फाव्र-ल्यूबा कंपनीचा मुंबईशी व्यापार १८६५ पासूनचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेस्ट एंड वॉच कंपनीही मुंबईत स्थिरावली. तिचे 'सोवार' हे नावच मुळी आपल्या 'स्वार' या शब्दावरून घेतलेले. गिऱ्हाईक कोण, हे त्या नावावरूनच कळते. असे घड्याळ बाळगणारा माणूस हा सैन्यातला, रेल्वेतला, कचेरीतला किंवा पेढीवरचा. परळीला रेल्वे निजामाच्या काळातच पोहोचली होती, बीड शहराला मात्र प्रवासी गाडीसाठी १७ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. रेल्वेने घड्याळ आणले, हे ठोकळेबाज विधान म्हणूनच बीडला सरसकट लागू पडत नाही.

या स्विस घड्याळांचा मोह सर्वांनाच होतो. माझे मत : पहिले घड्याळ यांतले घेऊ नका. कारण आपल्याकडे बनावट सर्वांत जास्त यांतच सापडते. एका घड्याळाचे मशीन, दुसऱ्याची कवच-पेटी, तिसऱ्याचे काटे, आणि वर नव्याने रंगवलेली चकचकीत तबकडी. परदेशी संग्राहक अशा घड्याळाला उपहासाने 'मुंबई स्पेशल' म्हणतात. शब्द झोंबतो, पण वस्तुस्थिती नाकारता येत नाही.

येथे आपले शिक्षण कामी येते. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. तेव्हापासून मराठी इतिहासलेखनात अस्सल कोणते, नक्कल कोणती आणि बनावट कोणते, ही छाननी पायाभूत मानली जाते. घड्याळ हेही एक साधन आहे, त्याला हीच कसोटी लावा. कवच झिजलेले, कडा गुळगुळीत झालेल्या, आणि तबकडी मात्र कालच छापल्यासारखी? मग हा जुन्या शिक्क्याखालचा नवा कागद समजा. भिंगाखाली अक्षरे पाहा; जाडी कमीजास्त असेल, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नसतील, तर तबकडी हाताने पुन्हा केलेली आहे. स्विस घड्याळाच्या तबकडीवर सहाच्या आकड्याखाली बहुधा बारीक अक्षरांत देशाचे नाव असते. नव्याने रंगवताना तेच अनेकदा गळते. मागचे झाकण घड्याळजीकडून उघडून घ्या. मशीनवरचे नाव आणि तबकडीवरचे नाव एकच आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. एक सावधगिरीही सांगतो : अंधारात चमकणाऱ्या जुन्या काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियमचा लेप असू शकतो. तो खरवडू नका.

डाग पडलेली, पिवळट झालेली मूळ तबकडी ही रंगवलेल्या तबकडीपेक्षा नेहमीच मोलाची. ती रंगवून घेणे म्हणजे बखरीतली पुसट अक्षरे शाईने गिरवण्यासारखे आहे.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आले. परदेशी घड्याळ महागले आणि चोरट्या मार्गाने येऊ लागले. १९६१ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरात मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. बीडच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे, आणि तुमचे पहिले घड्याळ इथलेच असावे : एच.एम.टी. 'जनता'. चावी देऊन चालणारे, १७ ज्वेल्सचे, साधे. शिक्षक, ग्रामसेवक, एस.टी.चा कंडक्टर यांच्या आवाक्यातले. सकाळी चावी द्यायची आणि आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर काटे जुळवायचे, हा एका पिढीचा नित्यनेम होता. 'जनता'च्या काही तबकड्यांवर नाव देवनागरीत होते, आणि म्हणूनच देवनागरी अक्षरांच्या भडक रंगीत तबकड्या आज बाजारात उदंड मिळतात. त्यांच्याकडे संशयाने पाहावे.

दुसरे घड्याळ 'कांचन'. याच्यापाशी थोडे थांबू.

'कांचन' हे एच.एम.टी.चे आपोआप चावी भरणारे, दिमाखदार घड्याळ. मागणी इतकी की ते मिळवायला जादा पैसे मोजावे लागत. ही मागणी आली कुठून? मोठ्या प्रमाणात लग्नांतून. आपल्याकडे सोयरीक जुळल्यावर याद्या होतात, आणि त्या याद्यांत सायकल, अंगठी, रेडिओ यांच्या जोडीला नवरदेवाचे घड्याळ असे. 'कांचन'ला तर हुंड्याचे घड्याळ अशीच ओळख मिळाली. आता दोन तारखा शेजारी ठेवा. हुंडा प्रतिबंधक कायदा अमलात आला १ जुलै १९६१ रोजी. भारतीय बनावटीचे सरकारी घड्याळ आले तेही १९६१ मध्येच. एका हाताने राज्यसंस्थेने हुंड्याला बंदी केली आणि दुसऱ्या हाताने घडवलेली वस्तू पुढे हुंड्याच्या यादीत जाऊन बसली. यात कुणाचा कट नव्हता. पण संग्रहाच्या पेटीत 'कांचन' ठेवताना ते कुणाच्या कर्जातून आले असेल, हा विचार टाळता येत नाही. ज्या वर्षी पाऊस पडला नाही, त्या वर्षी ते मुलीच्या बापाने कसे घेतले? ते नवऱ्याच्या मनगटावर राहिले की मोडले गेले?

म्हणून 'कांचन' दुकानातून घेऊ नका. दुकानातल्या 'कांचन'ला तोंड नसते. ज्या घरात ते लग्नात आले, त्या घरातून घ्या आणि घड्याळाइतकाच वेळ त्या आजींसाठी काढा. आजोबांना विचारलेत तर कंपनीचे नाव कळेल. आजींना विचारलेत तर किंमत कळेल.

त्या घरात आणखीही काही विचारण्याजोगे असते. १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात हजारो माणसे खडी फोडायला, तलावाच्या कामावर गेली. कामाच्या जागी घड्याळ कुणाच्या मनगटावर होते? हजेरी कुणाच्या काट्यांवर घेतली जाई? ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत घड्याळ कधी आले, आणि मुकादमाकडे ते आधीपासून होते का? मनगटी घड्याळ हा अलंकार आहे तसा अधिकारही आहे, आणि ही नोंद कोणत्याही पुराभिलेखागारात तुम्हाला आयती मिळणार नाही.

तिसरी खरेदी बहुतेक संग्रहांतून सुटते : बायकांचे घड्याळ. एच.एम.टी.ची 'सुजाता' लहान तबकडीची, नाजूक पट्ट्याची. संग्राहक तिला हात लावत नाहीत, कारण ती आजच्या पुरुषी मनगटावर शोभत नाही; त्यामुळे ती स्वस्तही असते. शिक्षिका, परिचारिका, तालुक्याच्या गावी कॉलेजात जाणारी पहिली मुलगी यांचे ते घड्याळ. मला विचाराल तर 'जनता'नंतर लगेच हेच शोधावे.

हैदराबादशी जुना धागा जोडायचा असेल तर एखादे ऑलविन घ्या. हैदराबाद ऑलविनने जपानच्या सिकोशी करार करून १९८० च्या दशकात घड्याळे काढली. बीड तेव्हा महाराष्ट्रात येऊन बरीच वर्षे लोटली होती, पण व्यापाऱ्यांच्या आणि सोयरिकीच्या वाटा काही प्रांतरचनेने बुजत नाहीत.

पुढे टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या भागीदारीतली टायटन आली; होसूरच्या कारखान्यातून १९८७ पासून सेलवरची घड्याळे निघू लागली आणि चावी देण्याची सवय मोडत गेली. एच.एम.टी.च्या घड्याळ कंपनीला टाळे लावण्याचा निर्णय केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. मूळ कंपनीच्या नावाने आजही नवी घड्याळे मिळतात. ती हौसेने वापरा, पण साधन म्हणून जमेला धरू नका.

शेवटी व्यवहाराचे. कुणी घरातले घड्याळ विकायला काढले तर त्यांना बाजारभाव आधी सांगा, मग तुमचा भाव सांगा. भंगाराच्या दराने घेतलेले साधन पुढे अभ्यासालाही लाजवते. मागच्या झाकणावर नाव किंवा लग्नाची तारीख कोरलेली असेल, तर विकत न घेता छायाचित्रे घ्या, हकीकत लिहून घ्या आणि घड्याळ त्यांच्याकडेच राहू द्या. घेतलेल्या प्रत्येक घड्याळासाठी एक वही ठेवा : कुणाकडून, कोणत्या गावी, किती रुपयांना, घड्याळजीने काय बदलले. दुरुस्तीत जुनी काच, काटा, पट्ट्याची कडी, जे काही निघेल ते त्याच्याकडून परत मागून घ्या, कागदी पाकिटात घाला आणि पाकिटावर तारीख टाका.