कौल गमावला, सत्ता राखली

एखाद्या पक्षाला विधानसभेत किती जागा मिळतील याचा अदमास घेताना आपण बहुधा एवढेच विचारतो की, लोक त्याच्या बाजूचे आहेत की विरुद्ध? हा प्रश्न किती अपुरा आहे, हे गोमंतकाने १९६७ साली दाखवून दिले.

मुक्तीनंतर दोन वर्षांनी, ९ डिसेंबर १९६३ रोजी, गोवा, दमण व दीवच्या ३० जागांच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली. दिल्लीत सत्तारूढ असलेल्या काँग्रेसला प्रत्यक्ष गोव्यात एकही जागा लाभली नाही. महाराष्ट्रात विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १४, तर स्वतंत्र अस्तित्व मागणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले.

विलीनीकरणाचा निवाडा मात्र जनतेनेच करावा असे ठरले आणि त्यासाठी मंत्रिमंडळ पायउतार झाले. १६ जानेवारी १९६७ रोजी कौल घेण्यात आला. विलीनीकरणाची खूण फूल, संघप्रदेशाची दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. ज्या मागणीतून पक्ष जन्मला तीच ३४,०२१ मतांनी फेटाळली गेली. मग त्याला जागा कोण देणार?

मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि पक्षाला १६ जागा मिळाल्या. पूर्वीपेक्षा दोन अधिक!

याचे एक कारण मोजणीच्या रीतीत आहे. कौलात सारा प्रदेश हा एकच मतदारसंघ होता. सासष्टीत विलीनीकरणाविरुद्ध पडलेले प्रत्येक मत एकूण बेरजेत जमा झाले. विधानसभेच्या निवडणुकीत मात्र तेथील जादा मतांचा डिचोलीतल्या वा पेडण्यातल्या उमेदवाराला काडीचा उपयोग नव्हता. दुसरे कारण अधिक खोल आहे. कूळ, मुंडकार आणि आजवर उपेक्षित राहिलेला बहुजनसमाज यांना हा पक्ष आपला वाटत होता. १९६४ चा कूळ कायदा आणि खेड्यापाड्यांतील मराठी शाळा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

विलीनीकरणाचे स्वप्न उराशी बाळगणाऱ्यांना तो कौल जिव्हारी लागला, हे खरे. परंतु ज्या प्रदेशाचे वेगळेपण या पक्षाला मान्य नव्हते, त्याच प्रदेशाचा कारभार त्याने १९७९ पर्यंत केला. मागणी हरली, तरी ती मागणारी माणसे आपापल्या गावी होतीच. आणि जागा गावागावांतूनच मिळतात.