जस्ताचे बोट आणि विळ्याची पेशी

जबलपूर शहरात नागपूर रस्त्यावर, गोंड राजांच्या जुन्या गढ्याच्या परिसरात, आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. १९८४ साली ती स्थापन झाली. मंडला, दिंडोरी या भागांतील सिकलसेल हा तिच्या अभ्यासाचा एक मुख्य विषय. गडचिरोली, चंद्रपूरच्या वाचकांना हा आजार वेगळा सांगावा लागत नाही. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना दुःख एकच आहे.

१९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींची पहिली नोंद केली. भारतात तो आजार १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींत, प्रथम नोंदवला गेला. त्याआधी चार वर्षे न्यूयॉर्कच्या जेनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी एक साधीच गोष्ट टिपली होती. नवजात बालकाचा जनुकदोष तोच असूनही त्याच्या पेशी फारशा विळ्यासारख्या होत नाहीत. कारण त्याच्या रक्तात अजून गर्भकालीन हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते ओसरते, आणि दुखणे सुरू होते. मग ते बंद कोण करते? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास साठ वर्षे लागली.

उत्तराचा एक धागा बेडकाच्या अंड्यांतून आला. १९८५ मध्ये केंब्रिजला एरन क्लुग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकी बेडकाच्या अंडपेशींतील एका प्रथिनात नऊ सारख्या घड्या ओळखल्या. सुमारे तीस अमिनो आम्लांची प्रत्येक घडी. दोन सिस्टिन व दोन हिस्टिडिन मिळून जस्ताचा एक अणू धरून ठेवतात आणि घडीला आकार येतो. हे ‘जस्ताचे बोट’ डीएनएच्या खाचेत शिरून ठरावीक अक्षरे चाचपते. अंधाने ब्रेल वाचावी तसे. जनुक चालू करायचे की बंद, हे अशी बोटे असलेली कितीतरी प्रथिने ठरवतात.

त्यांपैकीच एक बीसीएल११ए. २००७-०८ मध्ये हजारो लोकांचे जनुकसंच तपासताना गर्भकालीन हिमोग्लोबिनच्या प्रमाणाशी या जनुकाचा संबंध दिसला. २००८ अखेरीस विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने दाखवले की गर्भकालीन जनुक दाबून ठेवणारे प्रथिन हेच. पुढे, २०१८ मध्ये, त्याची बोटे नेमकी कोठे टेकतात तेही कळले: गॅमा ग्लोबिन जनुकाच्या प्रारंभापूर्वी सुमारे ११५ अक्षरांवर, टीजीएसीसीए या सहा अक्षरांवर. १९५७ पासून ठाऊक असलेला, एका अमिनो आम्लाचा मूळ दोष मात्र जागच्या जागीच राहतो. त्याला न शिवता आजार सौम्य करता येतो, ही या शोधाची खरी गंमत.

तथापि हे प्रथिन सरसकट नष्ट करता येत नाही. मेंदूच्या वाढीस व रोगप्रतिकारक पेशींसही ते लागते. सुदैवाने २०१३ मध्ये या जनुकाच्या पोटातच एक तुकडा सापडला, जो केवळ लाल पेशींच्या घडणीत त्याला चालना देतो. त्यावर बसणारे गाटा१ हेही जस्ताच्या बोटांचेच प्रथिन! नेमका तोच तुकडा क्रिस्परने कापण्याच्या उपचारास ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेत ८ डिसेंबरला मान्यता मिळाली. अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर.

त्याच वर्षी १ जुलैला जबलपूरशेजारच्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी, मुदत २०४७. मध्य भारतातील रुग्णांत गर्भकालीन हिमोग्लोबिन आफ्रिकी रुग्णांपेक्षा बहुधा अधिक असते, म्हणून येथील आजार सौम्यच, असा समज बरीच वर्षे होता. नागपूर-जबलपूरच्या दवाखान्यांत वेदनेने तळमळणारी मुले पाहणाऱ्यांना तो पटणे कठीण होते. दिंडोरीच्या मुलाच्या हाती आज पडते ती हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल. तीही गर्भकालीन हिमोग्लोबिनच वाढवते. रोज घ्यावी लागते, आणि मधूनमधून रक्त तपासावे लागते.