मशीन बंद करायची तारीख

मोठं मशीन बंद होणार म्हटलं की अफवा आल्याच. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतलं एलएचसी २०१३ मध्ये दोन वर्षांसाठी थांबलं, २०१८ च्या शेवटी पुन्हा थांबलं, आणि २०२६ मधली तिसरी मोठी सुट्टीसुद्धा आधीच जाहीर झालेली. कारण दर वेळी देखभाल आणि अपग्रेड. तरी कुणीतरी म्हणतंच, "अहो, काहीतरी सापडलंय, लपवताहेत!" २००८ साली तर ते चालू होताना पृथ्वी गिळणार म्हणून टीव्हीवाल्यांनी भल्याभल्यांची झोप उडवली होती.

त्या अफवा सोडून देऊ. मला जास्त इंटरेस्ट आहे तो दुसऱ्या जातीच्या अफवेत. ती आतूनच निघते आणि पसरवणारे सगळे फिजिक्सचे पीएचडी असतात!

एलएचसीच्या आधी त्याच बोगद्यात लेप नावाचं मशीन होतं. १९८९ साली सुरू झालेलं, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवणारं. बोगदा २७ किलोमीटर घेराचा. आमच्या नगरचा भुईकोट किल्ला मधोमध धरून तेवढं रिंगण आखलं, तर अख्खं जुनं शहर आणि भिंगार कँप आरामात आत मावेल. त्यावर चार प्रयोग चालू होते. त्यातल्या एल-थ्री मध्ये मुंबईची आपली टीआयएफआरही होती.

लेप सप्टेंबर २००० अखेर बंद करायचं ठरलेलं. बोगदा रिकामा झाल्याशिवाय एलएचसी बसवता येणार नव्हतं. आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात अलेफ नावाच्या प्रयोगाला हिग्ज बोसॉनसारखं काहीतरी दिसायला लागलं, ११५ जीईव्हीच्या आसपास. झालं! कॅंटीनमध्ये, कॉरिडॉरमध्ये, ईमेलमध्ये एकच विषय. मुदत वाढवून २ नोव्हेंबर केली. चारही प्रयोगांचे आकडे एकत्र केले तर २.९ सिग्मा. म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता हजारात दोन-चार. ऐकायला भारी वाटतं, पण शोध जाहीर करायला ५ सिग्मा लागतात. म्हणजे साधारण ३५ लाखांत एक.

आपल्या भाषेत सांगायचं तर जुना सर्व्हर बंद करायची तारीख ठरलीय, नव्या सिस्टिमला तीच रॅक हवीय, व्हेंडरची माणसं दारात उभी आहेत, आणि शेवटच्या आठवड्यात जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये काहीतरी जबरदस्त दिसतं. तुम्ही काय कराल?

लोकांनी आणखी एक वर्ष मागितलं. सर्नचे तेव्हाचे महासंचालक लुचियानो मायानी यांनी विचार करून नाही म्हटलं. चिडले लोक, आणि चिडणारच. दहा-अकरा वर्षं राबलात आणि दाराशी आलेला पाहुणा दिसत असताना कुणीतरी दिवे घालवले, तर तुम्हीआम्हीही चिडू.

पुढची गंमत साध्या वजाबाकीची आहे. लेपमध्ये हिग्ज तयार झालाच तर बहुतेक झेड नावाच्या जड कणाबरोबर होणार. झेडचे ९१ जीईव्ही. लेपची कमाल ताकद साधारण २०९. उरले ११८. ४ जुलै २०१२ ला एलएचसीवर हिग्ज सापडला तो १२५ वर! म्हणजे लेप आणखी वर्षभर चालवलं असतं तरी तो दिसला नसता. तो २.९ चा आकडाही नंतरच्या नीट विश्लेषणात बराच खाली आला. अर्थात मायानींना हे २००० साली माहीत नव्हतं. त्यांच्याकडे होता फक्त एक अर्धवट सिग्नल आणि एक तारीख.

आता जरा आपल्या देशात येऊ, कारण याच टीआयएफआरने दुसरं एक बंद पडणंही पाहिलंय. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून जास्त खोल, त्यांची प्रयोगशाळा होती. इतकं खोल कशासाठी? वरून येणारे बाकीचे कण दगडातच अडकावेत म्हणून. १९६५ मध्ये टीआयएफआर, जपानमधलं ओसाका आणि इंग्लंडमधलं डरहॅम यांच्या गटाला तिथे वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो दिसले. जगात पहिल्यांदा टिपलेल्यांपैकी ते होते. पुढे १४० टनांचा लोखंडी डिटेक्टर लावून प्रोटॉन कधी मोडतो का हे पाहिलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मोजक्या घटना तशा वाटल्यासुद्धा, आणि जगभर कुजबुज झाली. अमेरिका आणि जपानच्या मोठ्या डिटेक्टरना काही तसं दिसलं नाही.

 सोनं काढणं परवडेना म्हणून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला खोल भाग बंद झाले आणि प्रयोगही संपला. २००१ मध्ये अख्खी खाणच बंद झाली, पंप थांबले, पाणी भरलं. वातावरणातल्या त्याच न्यूट्रिनोंवर जपानच्या कामिओका खाणीत काम चालूच राहिलं, मोठे डिटेक्टर आले, आणि २०१५ चं नोबेल ताकाकी काजितांना त्यातूनच मिळालं (कॅनडाच्या आर्थर मॅकडोनाल्ड यांच्याबरोबर).

थोडक्यात काय, जिनिव्हात तारीख ठरवली पुढच्या मशीनने आणि कोलारमध्ये सोन्याच्या हिशोबाने. लेप गेलं तेव्हा त्याच बोगद्यात एलएचसी आलं. टीआयएफआरची माणसं तिथल्या सीएमएस प्रयोगात गेली आणि हिग्जच्या शोधात सामील होती. कोलार गेलं तेव्हा मागे काहीच उभं नव्हतं.

मग तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या डोंगरात न्यूट्रिनो वेधशाळा करायचं ठरलं. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, सुमारे १५०० कोटींची. तोवर गावात अफवा पोचल्या होत्या: रेडिएशन येणार, अणुकचरा पुरणार. खरं तर न्यूट्रिनो आत्ताही तुमच्या-माझ्यातून सेकंदाला अब्जावधींनी आरपार जाताहेत. पश्चिम घाट, जंगल, सुरुंग याबद्दलचे आक्षेप मात्र रास्त होते, आणि त्यांची उत्तरं गावकऱ्यांना वेळेवर, त्यांच्या भाषेत मिळायला हवी होती. २०२२ मध्ये राज्य सरकारने सुप्रीम कोर्टात सांगितलं की प्रकल्प आम्हाला नको.

म्हणून मशीन बंद होणार अशी बातमी आली की मी काय लपवताहेत हे विचारत नाही. मी विचारतो, त्या बोगद्यात पुढे काय बसणार आहे? जिनिव्हाकडे याचं उत्तर वेळापत्रकासकट असतं. आपल्याकडे कोलार बंद होऊन तीस वर्षं उलटली, आणि पुढचा बोगदा अजून खणायचाच आहे.