सुटे करून हलवता येणारे लाकडी घर

सुटे करून दुसरीकडे नेता येणारी लाकडी खोली कच्चीच असणार, असे आपण धरून चालतो. जमिनीत रुतलेले तेवढे पक्के, असा आपला ठोकताळा. लंडनच्या हाय होबर्नमधल्या मॅनिंग नावाच्या सुताराने 1830च्या सुमारास केलेले काम नीट पाहिले, तर हा ठोकताळा टिकत नाही. त्याचा मुलगा ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्वान नदीकाठच्या वसाहतीत निघाला होता. ही वसाहत 1829 साली सुरू झाली. तिथे आधी उतरलेल्या लोकांनी पावसाळी हिवाळा तंबूंत काढला होता. बियाणे, करवती, कुऱ्हाडी बरोबर आणणाऱ्याला अशा ठिकाणी नुसते छप्पर पुरत नाही. कोरडी राहणारी आणि दार लावता येणारी जागा लागते. मॅनिंगने मुलासाठी जहाजातून नेता येईल असे घर घडवले आणि पुढे तशी घरे विकायलाही ठेवली.

लाउडन या ब्रिटिश लेखकाने 1833च्या आपल्या वास्तुकोशात या घराची रचना दिली आहे. खाली तळपट्टी, तिच्यावर खोबणी पाडलेले खांब, दोन खांबांच्या खोबणीत बसणारी भिंतीची तयार पाने आणि वर माथपट्टी; सांधे बोल्टने आवळायचे. पलंगाचे बोल्ट आवळण्याचा साधा पाना ज्याला चालवता येतो त्याला हे घर उभे करता येई. एका माणसाला मैलोन्‌मैल वाहून नेता येणार नाही असा एकही तुकडा त्यात नव्हता. हलकेपणाचे कौतुक सगळेच करतात, पण माझ्या मते खरी करामत मापाची आहे. सगळे खांब एका मापाचे, सगळी पाने एका मापाची. कुठलेही पान कुठल्याही खणात बसे. म्हणजे चुकायला जागा नाही, आणि एखादे पान फुटले तर दुसरे आणून तिथे घालता येणार.

यात नवे काय, असे कोणी विचारेल. सतराव्या शतकात मॉस्कोला गेलेल्या ओलेआरिउस या जर्मन प्रवाशाने तिथल्या बाजारात सुटी करून विकली जाणारी ओंडक्यांची घरे पाहिली होती. आगीत घर गेले की लोक ती विकत घेऊन पुन्हा उभारत. हा दाखला खरा आहे आणि महत्त्वाचाही. पण ओंडक्यांच्या भिंतीत वरचा ओंडका खालच्या ओंडक्याच्या पाठीला बेतून तासलेला असतो. प्रत्येकाची जागा ठरलेली असते, म्हणून एक हरवला तर त्याच्या जागी नवा तासायला जाणता सुतारच हवा. मॅनिंगच्या घरात तासण्याचे सगळे काम लंडनच्या कारखान्यातच संपलेले असे.

दुसरी शंका सुरक्षिततेची. जे पान्याने उघडते ते चोरालाही उघडता येईल, हे वरवर पटते. पण भिंतीचे पान चारी बाजूंनी धरलेले असेल तर माथपट्टी सोडवून उचलल्याशिवाय ते निघत नाही. बाहेरून ठोकलेली फळी मात्र पहारीने सहज उचकटता येते. तेव्हा खिळ्यांपेक्षा खोबण अधिक भरवशाची. कमकुवत बाजू होती ती वरची. पहिल्या घराचे छप्पर जलरोधक केलेल्या कापडाचे होते, आणि कापडाला कुलूप लागत नाही. टिकण्याविषयी मात्र संशय नको. मॅनिंगच्याच कारखान्यातून आलेले क्वेकर पंथीयांचे प्रार्थनागृह 1840 साली ॲडलेडमध्ये उभे राहिले आणि ते आजही उभे आहे.

यापेक्षा गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला मान्य आहे. नव्या मुलखात घर बांधायचे तर तिथले लाकूड, तिथला पाऊस-वारा, तिथली माणसे समजून घ्यावी लागतात. मॅनिंगच्या घराने ही गरजच काढून टाकली. स्वान नदीकाठची भूमी नूंगार लोकांची होती. त्यांना काहीही न विचारता, त्यांच्या अनुभवाची मदत न घेता, किनाऱ्यावर उतरल्यावर काही तासांत तिथे दार लावून बसता येऊ लागले. सुताराचा हेतू मुलाच्या डोक्यावर छप्पर देण्याचा होता, यात शंका नाही. पण तीच सोय जमीन बळकावणाऱ्यांच्याही कामी आली, आणि या घराचा इतिहास लिहिताना दोन्ही गोष्टी नोंदवल्याच पाहिजेत.