निद्रिस्त मोटारीचें पुनरुज्जीवन

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघणारी, १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची फियाट १९७४ पासून 'पद्मिनी' या नांवानें ओळखली जाऊं लागली. टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें मुंबईंतील टॅक्सी म्हणून तिचें पर्व ऑक्टोबर २०२३ मध्यें संपलें.

अशी मोटार पनवेलजवळच्या ओव्यासारख्या गांवीं अनेक पावसाळे पडून राहिली, तर तिची दशा काय होते? कोंकणच्या दमट हवेनें लोखंड गंजतें, जुनें पेट्रोल चिकट होऊन कार्बुरेटर तुंबतो, पिस्टन सिलिंडरांत अडकून बसतात. अशा वेळीं लागलीच किल्ली फिरविणें म्हणजे इंजिनाचा घात करणें होय. प्रथम टांकी रिकामी करून धुवावी. प्लग काढून सिलिंडरांत थोडें तेल सोडावें व इंजिन हातानें हळूहळू फिरवावें. मग नवें वंगण व नवी बॅटरी घालावी. ब्रेकची परीक्षा झाल्यावांचून मात्र मोटार रस्त्यावर नेऊं नये.

भंगारांत गेलेली मोटार परत येत नाहीं. म्हणून अशी एक मोटार पुन्हां चालूं लागणें म्हणजे देशी कारखानदारीच्या इतिहासाचा एक पुरावा जिवंत राहणें होय.