हाड काय सांगते, गाय काय सांगते

बुलढाणा जिल्ह्यात, पूर्णा नदीच्या खोऱ्यात भोन हे गाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे २००० वर्षांहून जुनी वसाहत आणि विटांचा स्तूप उजेडात आणला. अशा पांढरीच्या मातीत खापरांबरोबर जनावरांची हाडेही सापडतात. हाडाच्या आकारावरून जनावर ओळखता येते. पण त्याचे पूर्वज कुठले, हे डीएनएला विचारावे लागते.

अडचण इथेच आहे. जनावर मेले की डीएनएचे तुकडे पडू लागतात आणि उष्णता व ओल हे काम झपाट्याने करतात. सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीत डीएनए लाखो वर्षे टिकला. वऱ्हाडच्या हवेत तो टिकणे अवघड.

मग उपाय? गोठ्यातली गाय! १९९४ साली संशोधकांनी भारतातील आणि युरोप-आफ्रिकेतील गुरांचा, फक्त आईकडून येणारा डीएनए ताडून पाहिला. दोन्ही वंश लाखो वर्षांपूर्वीच वेगळे झालेले निघाले. माणूस गुरे पाळू लागला त्याला मात्र साधारण १०,००० वर्षेच झाली. हे दोन आकडे विद्यार्थ्यांपुढे ठेवा आणि निष्कर्ष त्यांनाच काढू द्या: वशिंडाची गुरे भारतीय उपखंडात स्वतंत्रपणे माणसाळवली गेली.

मग हाडांची गरज संपली का? नाही. जिवंत गाय वंश सांगते. कोणत्या काळी, कोणत्या गावात कोणती जनावरे होती, हे थरातले हाडच सांगते. भोन जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. पाण्याखाली गेलेला थर पुन्हा उकरता येत नाही.